संकरित जैवानुकारी पटले: उरला येथील पाण्याची कसोटी

रायपूर शहराच्या उत्तरेकडे उरला ही औद्योगिक वसाहत आहे. पोलादाच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि मिश्रधातूंचे कारखाने ही तिची ओळख. वसाहतीच्या हद्दीपलीकडे छत्तीसगडच्या मैदानातील भातखाचरे सुरू होतात. या परिसराचे पाणी खारुन नदीचे. खारुन शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. धातू थंड करणे, धुणे आणि आम्लाने स्वच्छ करणे यांसाठी पोलाद उद्योगाला मुबलक पाणी लागते. वापरानंतर त्या पाण्यात तेलाचे अंश, लोहाचे कण आणि विरघळलेले क्षार उरतात. कारखाना आणि खाचर यांच्यामध्ये पाणी गाळून पुन्हा वापरण्याजोगे करणारी यंत्रणा किती विश्वासार्ह आहे, हा प्रश्न उद्योगाइतकाच शेतीचाही आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या शेजारच्या भातपट्ट्यातही तो उद्याचा नव्हे, आजचा प्रश्न आहे.

या यंत्रणेचा गाभा म्हणजे पटल, अर्थात मेम्ब्रेन. सजीव पेशीच्या आवरणाचे अनुकरण करणाऱ्या पटलांवर गेली काही दशके संशोधन चालू आहे. लिपिड म्हणजे मेदद्रव्ये आणि ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे खंडित रचनेची बहुवारिके यांच्या मिश्रणातून बनणारी संकरित पटले हा त्यातील अलीकडचा टप्पा आहे. ‘जैव’, ‘नॅनो’ आणि ‘संकरित’ हे तिन्ही शब्द बाजारात लवकर पोचतात. त्यांमागचे विज्ञान मात्र हळू पोचते. म्हणून हे पटल काय आहे, ते कुठवर आले आहे आणि शेतकऱ्याने त्याकडून आज कोणती अपेक्षा ठेवावी, हे विस्तार कार्यकर्त्यांना माहीत असणे आवश्यक आहे.

पेशीपटल: निसर्गाची चाळण

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात पाणी सुटते. फोडीतील पेशींभोवतीचे पटल पाण्याला बाहेर जाऊ देते, पण इतर अनेक घटकांना सहजासहजी वाट देत नाही. शालेय पाठ्यपुस्तकांत याच गुणामुळे पेशीपटलाला ‘निवडक्षम पारपटल’ म्हटले आहे. कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे पाणी जाण्याची ही क्रिया म्हणजे परासरण. खाऱ्या जमिनीत ओलावा असूनही पीक सुकते, त्यामागेही हेच कारण असते. बाहेरून दाब देऊन हा प्रवाह उलटा फिरवला की क्षार मागे राहतात आणि गोडे पाणी पलीकडे येते. घरोघरी परिचित असलेले ‘आरओ’ यंत्र याच तत्त्वावर चालते.

पेशीपटलाचा मुख्य घटक लिपिड. त्याच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे, तर दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळणाऱ्या असतात. त्यामुळे पाण्यात असे असंख्य रेणू आपोआप दोन थरांत रचले जातात: डोकी बाहेर, शेपट्या आत. या दुहेरी थराची जाडी अवघी ४ ते ५ नॅनोमीटर असते. असे सुमारे वीस हजार थर एकावर एक ठेवले तर साध्या कागदाएवढी जाडी होईल. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील बॅब्रहॅम येथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवून दिले की, लिपिड पाण्यात मिसळल्यास त्याच्या बंद पिशव्या तयार होतात. यांनाच पुढे लायपोसोम हे नाव मिळाले. हे काम पशुशरीरक्रिया संस्थेत, म्हणजे कृषी संशोधनाच्या अंगणातच झाले होते.

केवळ लिपिडमधून पाणी फार वेगाने जात नाही. त्यासाठी पेशीने पटलात प्रथिनांची द्वारे बसवली आहेत. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्री यांनी १९९२मध्ये अशा प्रथिनाचे कार्य सिद्ध केले आणि त्याला ‘अ‍ॅक्वापोरिन’ हे नाव मिळाले. २००३च्या रसायनशास्त्रातील नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. या द्वाराचा सर्वांत अरुंद भाग ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम पाण्याच्या एका रेणूपुरता असतो. तरीही एका द्वारातून एका सेकंदात अब्जावधी रेणू एकामागून एक निघून जातात. मिठाचे आयन मात्र पाण्याचे वेष्टन घेऊन फिरत असल्यामुळे अडतात. भातामध्ये या कुळातील प्रथिनांची ३३ जनुके नोंदवली गेली आहेत. मुळांनी पाणी घेण्यात त्यांचा मोठा सहभाग आहे.

लिपिडचे बलस्थान आणि दुबळेपण

असे पटल जसेच्या तसे उचलून यंत्रात का बसवू नये? कारण पेशी आपले पटल सतत दुरुस्त करत असते. यंत्राला तसे करता येत नाही. लिपिडचे पटल क्षेत्रफळाने सुमारे ५ टक्के ताणले गेले की फाटते. साबण, डिटर्जंट, अल्कोहोल किंवा तेल यांच्या संपर्कात ते विस्कळीत होते. जुने शेंगदाणे खवट होतात, तेव्हा त्यातील असंतृप्त मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण झालेले असते. लिपिडच्या शेपट्यांतही अशीच मेदाम्ले असल्याने पटलही याच मार्गाने बिघडते. पाण्यात लोह असल्यास ही क्रिया अधिक वेगाने होते. पोलाद उद्योगाच्या सांडपाण्यात तेल आणि लोह ही दोन्ही संकटे एकत्र येतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

बहुवारिकाची मजबुती

या दुबळेपणावर उपाय म्हणून संशोधक बहुवारिकांकडे वळले. ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे वेगवेगळ्या स्वभावाच्या दोन किंवा अधिक साखळ्या टोकाला टोक जोडून केलेला लांब रेणू. उदाहरणार्थ, एक खंड पॉलिब्युटाडाईनचा, म्हणजे टायरमधील कृत्रिम रबराच्या जातीचा आणि पाण्यापासून दूर राहणारा. दुसरा पॉलिएथिलीन ऑक्साईडचा, पाण्यात सहज मिसळणारा. हे रेणूही लिपिडप्रमाणे पाण्यात आपोआप दुहेरी थर आणि पिशव्या बनवतात. अशा पिशव्यांना पॉलिमरसोम म्हणतात. १९९९मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशा पिशव्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्या फाटण्यापूर्वी क्षेत्रफळाने सुमारे १९ टक्के ताण सहन करत होत्या. पण त्यांतून पाणी झिरपण्याचा वेग लिपिडच्या तुलनेत किमान दहा पटींनी कमी होता.

म्हणजे एका बाजूने कमावले, ते दुसऱ्या बाजूने गमावले. शिवाय बहुवारिकाचा थर सहसा लिपिडपेक्षा जाड असतो. वीतभर जाडीच्या भिंतीसाठी केलेली चौकट हातभर जाडीच्या भिंतीत बसवावी, तशी अडचण तेथे प्रथिनाच्या द्वाराला येते. साखळ्या लवचीक असल्यास त्या द्वाराभोवती आकसून जागा करून देऊ शकतात. २००७मध्ये मनीष कुमार आणि सहकाऱ्यांनी तीन खंडांच्या बहुवारिकाच्या पिशव्यांत जिवाणूतील अ‍ॅक्वापोरिन बसवून दाखवले. त्यामुळे त्या पिशव्यांची जलवाहकता मूळ बहुवारिकापेक्षा शेकडो पटींनी वाढली. बिगरजैविक भिंतीतही जिवंत सृष्टीचे द्वार काम करते, हे या प्रयोगाने स्पष्ट केले.

संकर: दोन्ही पालकांचे गुण, काही वेळा दोषही

येथून संकरित पटलाची कल्पना पुढे आली. लिपिडमुळे प्रथिनाला त्याच्या सवयीचे वातावरण मिळावे आणि बहुवारिकामुळे भिंतीला टिकाऊपणा यावा, हा तिचा हेतू. दोन्ही द्रव्ये एका सेंद्रिय द्रावकात विरघळवतात, द्रावक उडवून पातळ थर तयार करतात आणि त्यावर पाणी सोडतात. मिश्र भिंतीच्या पिशव्या तयार होतात. फ्रान्समधील बोर्दो आणि इंग्लंडमधील लीड्स येथील संशोधकांचे या विषयावरील काम उल्लेखनीय आहे. लीड्स येथे जिवाणूतील एक श्वसन-विकर अशा संकरित पिशव्यांत बसवले असता, ते केवळ लिपिडच्या पिशव्यांपेक्षा अधिक काळ कार्यक्षम राहिले. शीतपेटीबाहेर लवकर निकामी होणाऱ्या प्रथिनांच्या दृष्टीने ही महत्त्वाची गोष्ट आहे.

तथापि दोन वाण शेजारी लावले म्हणून संकर होत नाही, तसेच दोन द्रव्ये एकत्र केली म्हणून ती मिसळतातच असे नाही. भिंतींच्या जाडीत फरक मोठा असेल, किंवा लिपिड घट्ट, गोठलेल्या अवस्थेतील असेल, तर दोन्ही घटक वेगवेगळे होऊन पटलावर बेटे तयार होतात. या बेटांच्या सीमारेषा कच्च्या असू शकतात आणि तेथून गळती संभवते. कोणता लिपिड, किती लांबीची साखळी, किती प्रमाण, कोणते तापमान, कोलेस्टेरॉल घालावे की नाही, या प्रत्येक निर्णयावर फलित अवलंबून असते. काही प्रमाणांत दोन्हींचे गुण येतात, तर काही प्रमाणांत दोन्हींचे दोष. म्हणून ‘संकरित’ हा शब्द गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. तो केवळ रचनेचे वर्णन आहे.

उरला येथील पाण्यात काय होईल?

प्रयोगशाळेतील पाणी निर्मळ असते. उरलासारख्या ठिकाणचे पाणी पटलाची तीन प्रकारे परीक्षा घेईल. पहिली परीक्षा तेलाची. ते लिपिडच्या थरात शिरते. दुसरी लोहाची, ते पटलावर गंजाचा लेप चढवते आणि मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण वाढवते. तिसरी परीक्षा धुलाईची. कारखान्यांतील आरओ पटले ठरावीक काळाने आम्ल, अल्कली आणि डिटर्जंटने धुवावी लागतात. प्रथिन आणि लिपिड या दोघांनाही हीच द्रव्ये मारक ठरतात. संकरित पटलातील बहुवारिकाचा खरा उपयोग येथे दिसायला हवा. त्याचे मोल पाण्याचा वेग वाढवण्यापेक्षा अस्वच्छ पाण्यात टिकून राहण्यात अधिक आहे.

विद्यमान पटलांनी ही परीक्षा बऱ्याच अंशी दिलेली आहे. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे उपयुक्त आरओ पटल घडवले. त्यानंतर पॉलिअमाईडच्या अतिपातळ थराची पटले आली आणि आज बाजारात तीच प्रचलित आहेत. जैवानुकारी पटलांनी व्यवहारात प्रवेश केला तोही याच थराच्या आधाराने. २००५मध्ये स्थापन झालेल्या डेन्मार्कमधील एका कंपनीने अ‍ॅक्वापोरिन असलेल्या सूक्ष्म पिशव्या पॉलिअमाईडच्या थरात रोवून पटले विक्रीस आणली. २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही त्यांची चाचणी झाली. मात्र केवळ लिपिड आणि बहुवारिक यांच्या मुक्त संकरित थरावर चालणारे मोठे जलशुद्धीकरण संयंत्र अद्याप प्रयोगशाळेच्या पलीकडे गेलेले नाही.

आणखी दोन मर्यादा कोणत्याही पटलाला ओलांडता येत नाहीत. पहिली ऊर्जेची. समुद्राच्या १००० लिटर पाण्यातून निम्मे पाणी गोडे करून घ्यायचे, तर मिळणाऱ्या प्रत्येक १००० लिटर गोड्या पाण्यामागे सिद्धांतानुसार किमान सुमारे १ युनिट वीज लागतेच. आजची चांगली संयंत्रे पूर्वशुद्धी आणि उपशासह ३ ते ४ युनिट घेतात. पटलातून पाणी कितीही वेगाने गेले, तरी पहिले युनिट वाचत नाही. दुसरी मर्यादा क्षारांची. पटल क्षार नष्ट करत नाही, वेगळे करते. गाळलेल्या पाण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न मागे उरलेल्या तीव्र क्षारजलाचा असतो. ते नाल्यात सोडले, तर कारखान्याचे पाणी स्वच्छ होईल आणि खाचराचे बिघडेल.

शेतावरील हिशेब

हाच हिशेब पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यालाही लागू आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात विहिरींचे पाणी खारे असल्याने ‘नवे पटल आले तर ओलिताचा प्रश्न सुटेल का?’ ही विचारणा साहजिक आहे. एका एकरास ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यायची, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. तासाला १५ लिटर देणारे घरगुती यंत्र अखंड चालवले, तरी एवढ्या पाण्याला दीड वर्षाहून अधिक काळ लागेल. अशा यंत्रांत शुद्ध पाण्यापेक्षा फेकले जाणारे पाणी बहुधा अधिक असते, ही त्यातली आणखी गोम. ओलितासाठी शेततळे, पावसाच्या पाण्याचे मुरवण, जिप्समचा वापर आणि क्षारसहनशील पिके हेच मार्ग आजही योग्य आहेत.

पटलाची जागा कमी पाण्याच्या, पण अधिक मोलाच्या कामांत आहे: पिण्याचे पाणी, कोंबड्या-वासरांचे पाणी, रोपवाटिका आणि फवारणी. कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम २,४-डी अमाईन क्षारासारख्या काही तणनाशकांची परिणामकारकता घटवतात. एका एकराच्या फवारणीस लागणारे २०० लिटर पाणी तेच घरगुती यंत्र १३-१४ तासांत देऊ शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार एकूण विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे; पर्यायी स्रोत नसल्यास २००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. ज्या विहिरीचे पाणी या स्वीकार्य मर्यादेत आहे आणि अन्य घातक घटकही नाहीत, तेथे आरओ बसवणे म्हणजे पाणी वाया घालवणे होय.

आर्सेनिकच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. गडचिरोलीच्या सीमेलगत, पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातील अंबागड चौकी भागात भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९मध्येच प्रसिद्ध झाले होते. पाण्यातील आर्सेनिक दोन रूपांत असते. त्यांपैकी आर्सेनाईट या रूपावर सामान्य पाण्यात विद्युतभार नसल्याने आरओ पटल त्याला कमी प्रमाणात अडवते. म्हणून आधी त्याचे ऑक्सिडीकरण करावे लागते. भाताच्या मुळांत तर अ‍ॅक्वापोरिनच्याच कुळातील एक प्रथिन सिलिकॉन आत घेते आणि त्याच वाटेने आर्सेनाईटही शिरते. ‘निसर्गाचे द्वार’ म्हणजे सर्व विषांना बंद द्वार, हा समज त्यामुळे टिकत नाही. कोणते द्वार, कोणत्या घटकाला अडवते, हे तपासूनच बोलावे लागते.

औषधे वाहून नेणाऱ्या पिशव्या

या पटलांचा दुसरा उपयोग वाहक पिशव्यांचा आहे. २०२१मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर धावाधाव झाली. त्यातील औषध लिपिडच्या अशाच पिशव्यांत भरलेले असते. औषध लिपिडमध्ये असल्याने मूत्रपिंडावरील दुष्परिणाम कमी होतो. संकरित भिंतीमुळे अशा पिशव्या अधिक टिकाऊ व्हाव्यात आणि पशुलसी किंवा कीडनाशक रेणू सावकाश सुटावेत, या दिशेने संशोधन चालू आहे.

शेतकऱ्याला याचा स्थूल नमुना आधीच परिचित आहे. पेंडीमेथालिन ३८.७ टक्के सीएस किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के सीएस यांच्या वेष्टनावरील ‘सीएस’ म्हणजे कॅप्सूल सस्पेन्शन; त्यात सक्रिय घटक बहुवारिकाच्या सूक्ष्म कवचात असतो. ही कवचे मात्र जैवानुकारी पटले नव्हेत. तसेच बाटलीवर ‘नॅनो’ लिहिले म्हणून आत लिपिड किंवा बहुवारिकाची पिशवी असेलच असे नाही. नॅनो आधारित कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२०मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, तर कीडनाशकांना १९६८च्या कायद्यान्वये नोंदणी आवश्यक आहे. नवे वेष्टन या अटींतून सूट देत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी विचारावेत असे प्रश्न

जैवानुकारी किंवा संकरित पटलाचे यंत्र गावात दाखवले जाईल, तेव्हा पुढील माहिती लेखी मागावी:

• विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल पाहून यंत्र सुचवले आहे काय? विशेषतः क्षार, लोह, फ्लोराईड आणि आर्सेनिक यांचे आकडे त्यात आहेत काय?

• चाचणी शुद्ध मिठाच्या पाण्यावर झाली की स्थानिक पाण्यावर, आणि किती महिने?

• धुलाई कोणत्या द्रव्याने करायची? किती धुलाईनंतर क्षार अडवण्याची क्षमता किती उरते?

• १०० लिटर पाण्यातून किती लिटर शुद्ध मिळते आणि उरलेले पाणी कोठे जाणार?

• पटल बदलण्याचा खर्च, वॉरंटी आणि प्रचलित पॉलिअमाईड पटलाशी केलेली तुलना उपलब्ध आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत प्रचलित, तपासलेले पटल आणि योग्य पूर्वगाळणी यांचीच शिफारस करणे हिताचे आहे. लोहयुक्त पाण्यात हवा मिसळून लोह खाली बसवणे आणि वाळूच्या गाळणीतून पाणी काढणे, एवढ्या साध्या उपायानेही कोणत्याही पटलाचे आयुष्य वाढते.

जिवंत पेशीने पाणी आणि क्षार वेगळे करण्याची कला साधली, ती पटल सतत दुरुस्त करण्याची सोय ठेवूनच. संकरित पटलांचे संशोधन ही दुरुस्तीची उणीव मजबूत घडणीने भरून काढू पाहत आहे. ते यशस्वी झाले, तर उद्योगाच्या कडेला असलेल्या भातशेतीला त्याचा लाभ सर्वांत आधी मिळू शकेल. पण तेलकट, लोहयुक्त पाण्यात काही हंगाम टिकून राहिल्याचा पुरावा समोर आल्याखेरीज त्या यशाची नोंद करता येणार नाही.